फोटो दाणेदार का येतात? डिजिटल कॅमेऱ्यातील नॉइजविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉइज म्हणजे फोटोत दिसणारे नको असलेले कण व ठिपके. त्याविषयी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल; एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तेथे फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. बहुतेक प्रश्नांत दोष आयएसओला, म्हणजे टिपलेला प्रकाश किती उजळ नोंदवायचा हे ठरवणाऱ्या सेटिंगला, दिलेला असतो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा अपुऱ्या प्रकाशाचा असतो, आणि पुढील बरीचशी उत्तरे या एका गोष्टीतून निघतात.

१. फोटोत दिसणारे हे कण नेमके कशामुळे येतात?

प्रकाश सेन्सरवर (कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) सलग धारेने पडत नाही. तो फोटॉनच्या रूपात सुटा सुटा येतो आणि त्याच्या येण्यात निसर्गतःच अनियमितपणा असतो. पावसाच्या पहिल्या शिंतोड्यांत एका फरशीवर तीन थेंब पडतात, तर शेजारच्या फरशीवर सात. सर जोराची झाली की हा फरक जाणवेनासा होतो. पिक्सेलांचेही तसेच आहे. एखाद्या पिक्सेलने सरासरी १०० फोटॉन टिपले, तर त्यातील स्वाभाविक चढउतार सुमारे १०, म्हणजे १० टक्के असतो. १०,००० फोटॉन टिपले, तर चढउतार १०० होतो, पण तो एकूण संख्येच्या १ टक्काच भरतो. चढउतार फोटॉनसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे प्रकाश जितका अधिक, तितका फोटो स्वच्छ दिसतो आणि सावलीच्या भागांत कण आधी दिसू लागतात.

याखेरीज दोन कारणे कॅमेऱ्याच्या आतली असतात. सेन्सरवरील विद्युतभार मोजताना इलेक्ट्रॉनिक यंत्रणा स्वतःची थोडी गडबड त्यात मिसळते, आणि सेन्सर तापला की प्रकाश नसतानाही त्यात इलेक्ट्रॉन सुटत राहतात. दिवसाच्या सामान्य फोटोंत ही दोन्ही कारणे नगण्य असतात. गडद सावल्या आणि दीर्घ एक्स्पोजर (शटर बराच वेळ उघडे ठेवून प्रकाश घेणे) यांत मात्र त्यांना महत्त्व येते.

२. आयएसओ वाढवला की नॉइज वाढतो, मग तो कायम १०० वरच का ठेवू नये?

कारण आयएसओ कमी केल्याने सेन्सरवर येणारा प्रकाश वाढत नाही. अंधुक सभागृहात अ‍ॅपर्चर एफ/२.८ (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचे छिद्र; एफपुढचा आकडा लहान, तितके छिद्र मोठे) आणि शटर स्पीड १/१२५ सेकंद ठेवल्यावर योग्य एक्स्पोजरसाठी आयएसओ ३२०० लागतो, असे समजा. एक फोटो ३२०० वर काढला. दुसरा अ‍ॅपर्चर व शटर तसेच ठेवून ८०० वर काढला आणि संगणकावर दोन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट, दोन म्हणजे चौपट) उजळला. दोन्ही फोटोंत सेन्सरने सारखाच प्रकाश टिपला आहे. त्यामुळे दुसरा फोटो पहिल्याहून स्वच्छ निघत नाही आणि अनेक कॅमेऱ्यांत तो अधिक खराब निघतो, कारण संगणकावर उजळताना मोजणीतील गडबडही तितकीच वाढते.

आयएसओ कमी केल्याचा लाभ होतो, तो शटर अधिक वेळ उघडे ठेवता आले किंवा अ‍ॅपर्चर अधिक उघडता आले तरच. तसे करणे शक्य नसेल, तर आयएसओ निःसंकोच वाढवावा. दाणेदार पण स्पष्ट फोटो नंतर सुधारता येतो. हललेला फोटो सुधारणे जवळपास अशक्य असते.

३. कमी प्रकाशात अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ यांपैकी आधी काय बदलावे?

प्रथम अ‍ॅपर्चर उघडावे, कारण सर्वांत मोठा फरक तेथेच पडतो. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या झूम लेन्सचे अ‍ॅपर्चर लांबच्या टोकाला अनेकदा एफ/५.६ इतकेच उघडते. एफ/१.८ ची लेन्स त्याच्या सुमारे साडेनऊ पट प्रकाश आत घेते, म्हणजे तीन स्टॉपहून अधिक. जेथे आयएसओ ६४०० लागत होता, तेथे सुमारे ६४० पुरतो. अर्थात फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या अंतराचा पट्टा, कमी होते, आणि एकामागे एक उभ्या असलेल्या माणसांचा समूह टिपायचा असेल तर ही किंमत परवडत नाही.

त्यानंतर शटर. विषय स्थिर असेल आणि कॅमेरा ट्रायपॉडवर असेल, तर शटर हवे तितके मंद करावे. लेन्समधील किंवा कॅमेऱ्यातील स्थिरीकरण हाताचा कंप सावरते, पण समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही, हे विसरू नये. बोलणाऱ्या माणसासाठी १/१२५ सेकंद हा चांगला आरंभबिंदू आहे. या दोन्हींची मर्यादा आली की उरलेली उणीव आयएसओने भरून काढावी.

४. ऑटो आयएसओ वापरावा का?

वापरावा, पण त्याला दोन मर्यादा घालून द्याव्यात: आयएसओची कमाल मर्यादा आणि शटरचा किमान स्पीड. दुसरी मर्यादा न घातल्यास कॅमेरा स्वतःच्या हिशेबाने शटर मंद करतो आणि कण कमी पण चेहरे पुसट असे फोटो हाती येतात. कमाल मर्यादा किती असावी, याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही. एकच दृश्य वेगवेगळ्या आयएसओवर, प्रत्येक वेळी योग्य एक्स्पोजर देऊन टिपावे आणि आपण फोटो ज्या आकारात वापरतो त्या आकारात ते पाहावेत.

५. कॅमेऱ्याच्या पडद्यावर स्वच्छ दिसणारा फोटो संगणकावर दाणेदार का दिसतो?

२४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलांचा असतो. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर तो पूर्ण मावेल असा लहान केला, की फोटोतील साधारण १२ ते १४ पिक्सेल मिळून पडद्यावरचा एक पिक्सेल बनतो आणि या सरासरीत बराचसा नॉइज विरून जातो. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर तो आणखी विरतो. संगणकावर १०० टक्के मोठे करून पाहिले की ही सरासरी नाहीशी होते आणि प्रत्येक कण समोर येतो.

म्हणून १०० टक्क्यांवर पाहून निराश होण्यात अर्थ नाही. ८ बाय १२ इंचांचा फोटो ३०० पिक्सेल प्रति इंच या घनतेने छापायला ८.६४ मेगापिक्सेल पुरतात. संगणकावर खटकणारे कण अशा छापील फोटोत बहुधा दिसतही नाहीत. याच्या उलट, फोटोचा लहानसा तुकडा कापून मोठा केला किंवा डिजिटल झूम वापरला, तर वरील सरासरीचा लाभ आपण स्वतःच घालवतो. डिजिटल झूम म्हणजे कॅमेऱ्यानेच कापून मोठा केलेला तुकडा होय.

६. आयएसओ १०० असूनही निळ्या आकाशात कण का दिसतात?

आकाश हा सपाट, तपशील नसलेला भाग आहे. पाने किंवा वाळू यांत जे कण दडून जातात, ते तेथे उघडे पडतात. त्यात आकाश गडद निळे असेल, तर लाल पिक्सेलांवर फारच थोडा प्रकाश पोहोचलेला असतो. पोलरायझर (चकाकी कमी करून आकाश गडद करणारा फिल्टर) लावल्यास तो एक ते दोन स्टॉप आणखी कमी होतो, आणि ही घट एक्स्पोजरने भरून न काढल्यास आकाश जास्तच गडद होते.

तरीही आकाशातील कणांचे सर्वांत सामान्य कारण संस्करणात असते. संपादनाच्या सॉफ्टवेअरमधील क्लॅरिटी, डिहेझ आणि शार्पनिंग हे तिन्ही स्लायडर शेजारच्या पिक्सेलांतील फरक ठळक करतात, आणि सपाट आकाशात असा फरक फक्त नॉइजचाच असतो. आकाश मास्कने वेगळे निवडून तेथे हे स्लायडर शून्यावर आणावेत. शार्पनिंगचा मास्किंग स्लायडर वाढवल्यास परिणाम फक्त कडांपुरता राहतो आणि अनेकदा एवढ्यावरच तक्रार मिटते.

७. आयएसओ कमी आहे, एक्स्पोजरही ठीक दिसते, तरी सावल्यांत नॉइज का?

बहुधा कॅमेरा तुमच्या नकळत सावल्या उजळत असतो. निकॉनमध्ये अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग, कॅननमध्ये हायलाइट टोन प्रायॉरिटी आणि सोनीमध्ये डायनॅमिक रेंज ऑप्टिमायझर या नावांच्या सुविधा असतात. त्यांच्या कामाच्या पद्धती वेगवेगळ्या असल्या, तरी गडद भाग वर उचलणे हा समान धागा आहे, आणि उचललेल्या सावलीबरोबर तिच्यातील नॉइजही वर येतो. कॅननमधील ही सुविधा चालू असताना सर्वांत कमी आयएसओ १०० ऐवजी २०० होतो. तेवढ्यावरून ती चालू असल्याचे ओळखता येते. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या मूळ नोंदीवर, काम करणाऱ्यांनी या सुविधा बंद ठेवणे बरे.

८. एक्स्पोजर मुद्दाम जास्त ठेवावे, असे म्हणतात. ते खरे आहे का?

खरे आहे, पण दोन अटींवर. उजळ भाग जळू (तपशील जाऊन निव्वळ पांढरा होऊ) न देता हिस्टोग्राम (फोटोतील गडद ते उजळ पिक्सेलांचा आलेख) उजवीकडे सरकवला आणि नंतर संगणकावर फोटो गडद केला, तर सावल्यांना अधिक प्रकाश मिळालेला असल्याने त्या स्वच्छ राहतात. पहिली अट अशी की फोटो रॉ असावा, कारण जेपेगमध्ये जळालेला भाग परत आणण्यास वावच नसतो. दुसरी अट अशी की हे वाढीव एक्स्पोजर शटर किंवा अ‍ॅपर्चरमधून यावे. केवळ आयएसओ वाढवून हिस्टोग्राम उजवीकडे नेला, तर प्रकाश तेवढाच राहतो आणि उजळ भाग जळण्याची भीती मात्र वाढते. कॅमेऱ्यावरील हिस्टोग्राम जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे त्याने धोका दाखवला तरी रॉमध्ये बहुधा थोडी जागा शिल्लक असते.

९. माझा रॉ फोटो जेपेगपेक्षा दाणेदार का दिसतो? रॉ चांगला असतो ना?

जेपेग तयार करताना कॅमेरा आतल्या आत नॉइज काढतो, रंग भरतो आणि फोटो धारदार करतो. रॉमध्ये हे काम तुमच्यावर सोडलेले असते. म्हणजे तुम्ही तयार पदार्थाची तुलना कच्च्या मालाशी करीत आहात. रॉमध्ये प्रत्येक पिक्सेलसाठी बहुधा १२ किंवा १४ बिटांची नोंद असते, जेपेगमध्ये ८ बिटांची. म्हणून रॉवर केलेली स्वच्छता अधिक नेमकी होते. जेपेगमध्ये कण कमी दिसतात तेथे केस, विणकाम आणि त्वचेचा पोत हेही पुसले गेले आहेत का, ते पाहावे.

१०. रंगीत ठिपके आणि करडे कण यांत फरक काय, आणि कोणता स्लायडर किती ओढावा?

करड्या कणांत पिक्सेलांची उजळता वर-खाली झालेली असते, तर रंगीत ठिपक्यांत त्यांचा रंग चुकलेला असतो. बहुतेक सेन्सरांवर ब्राइस बेयर यांनी कोडॅकमध्ये असताना आखलेली आणि १९७६ साली पेटंट मिळालेली रंगजाळी असते. तिच्यात निम्मे पिक्सेल हिरव्या रंगाचे आणि पाव-पाव भाग लाल व निळ्याचे असतात. प्रत्येक पिक्सेलचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. त्यामुळे एका पिक्सेलमधील चूक शेजारी पसरते आणि जांभळे-हिरवे डाग तयार होतात.

रंगीत नॉइजचा स्लायडर निर्धास्त वापरावा, कारण मानवी डोळा रंगातील बारीक तपशिलाबाबत फारसा चोखंदळ नसतो. फार ओढल्यास छोट्या रंगीत वस्तूंचे रंग फिके पडतात किंवा कडेबाहेर ओघळतात, तेथे थांबावे. उजळतेच्या नॉइजचा स्लायडर मात्र जपून वापरावा, कारण कण आणि खरा तपशील यांत तो पूर्ण भेद करू शकत नाही. चेहरा मेणाचा दिसू लागण्याच्या बरेच आधी हात आवरावा. माझ्या मते थोडे करडे कण राहू देणेच उत्तम. डोळ्यांना ते गुळगुळीत त्वचेपेक्षा कमी खटकतात.

११. बल्बच्या पिवळ्या प्रकाशात काढलेले फोटो अधिक खराब का होतात?

तंतूच्या बल्बचा प्रकाश साधारण २८०० ते ३२०० केल्व्हिनचा असतो आणि त्यात निळा घटक फार कमी असतो. पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून व्हाइट बॅलन्स साधताना निळ्या पिक्सेलांची नोंद मोठ्या प्रमाणात वाढवावी लागते, आणि तिच्याबरोबर त्यांचा नॉइजही वाढतो. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स आधी निवडला काय आणि नंतर निवडला काय, याबाबत फरक पडत नाही. दिवसाच्या उजेडाजवळ जाणारा प्रकाश वापरणे किंवा एक्स्पोजर वाढवणे, हेच उपाय आहेत. एक्स्पोजर वाढवताना मात्र तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम पाहावा, कारण या प्रकाशात लाल रंग सर्वांत आधी जळतो. फोटोत थोडा पिवळेपणा राहू दिला, तरी निळ्या रंगावरचा ताण हलका होतो.

१२. प्रत्येक फोटोत एकाच जागी लाल किंवा पांढरा ठिपका येतो. सेन्सर बिघडला का?

नाही. हा हॉट पिक्सेल, म्हणजे प्रकाश नसतानाही उजळ नोंद देणारा पिक्सेल आहे, आणि लाखो पिक्सेलांत असे काही निघणे स्वाभाविक आहे. नॉइजचे कण दर फोटोत जागा बदलतात. हॉट पिक्सेल बदलत नाही. अनेक कॅमेऱ्यांत पिक्सेल मॅपिंगची सुविधा असते आणि ती असे पिक्सेल शोधून त्यांची जागा शेजाऱ्यांवरून भरते. काही कॅमेऱ्यांत हे काम सेन्सर स्वच्छतेच्या आज्ञेबरोबर होते, तर काहींसाठी सेवा केंद्रात जावे लागते. अ‍ॅपर्चर बारीक केल्यावर ठळक होणारे काळपट, पुसट ठिपके मात्र धुळीचे असतात. त्यांचा नॉइजशी संबंध नाही.

१३. दीर्घ एक्स्पोजरनंतर कॅमेरा बराच वेळ अडकून राहतो. हे बंद करावे का?

कॅमेरा त्या वेळी दुसरा फोटो घेत असतो. ३० सेकंदांच्या फोटोनंतर शटर बंद ठेवून तो आणखी ३० सेकंदांची काळी फ्रेम टिपतो आणि तिच्यात दिसलेले उष्णतेचे ठिपके मूळ फोटोतून वजा करतो. सेन्सरमधील उष्णतेमुळे सुटणारे इलेक्ट्रॉन ढोबळमानाने दर ६ ते ८ अंश सेल्सिअसला दुप्पट होतात, त्यामुळे उकाड्याच्या रात्री ही सुविधा विशेष उपयोगी ठरते. बराच वेळ लाइव्ह व्ह्यू (पडद्यावरील थेट दृश्य) किंवा व्हिडिओ चालू ठेवूनही सेन्सर तापतो. दीर्घ एक्स्पोजरपूर्वी त्याला थोडी विश्रांती द्यावी.

अपवाद ताऱ्यांच्या रेषांचा. तेथे एकामागून एक फोटो सलग हवे असतात आणि मधल्या काळ्या फ्रेममुळे रेषा तुटतात. अशा वेळी सुविधा बंद ठेवावी आणि शेवटी लेन्सवर झाकण लावून, तेच शटर व तोच आयएसओ ठेवून काही काळ्या फ्रेम स्वतः घ्याव्यात. एकत्रीकरणाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या वजा करता येतात. शॉट नॉइज, म्हणजे प्रश्न १ मधील फोटॉनच्या अनियमितपणाचा नॉइज, मात्र याने जात नाही. त्यासाठी प्रश्न १४ पाहावा.

१४. एकाच दृश्याचे अनेक फोटो एकत्र केल्याने खरोखर फरक पडतो का?

पडतो, आणि तो मोजता येतो. नॉइज दर फोटोत वेगळा असतो, तर दृश्य तेच राहते. म्हणून सरासरी काढल्यावर नॉइज फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो. ४ फोटोंनी तो निम्मा होतो, १६ फोटोंनी पाव होतो. पुढे लाभ मंदावतो: पावावरून अष्टमांशावर यायला ६४ फोटो लागतात. ट्रायपॉड असल्यास काम सोपे होते, पण हातात धरून झटपट काढलेले फोटोही सॉफ्टवेअर एकमेकांवर जुळवू शकते. अनेक मोबाइल कॅमेरे नखाएवढ्या सेन्सरवर रात्रीचे फोटो याच युक्तीने काढतात. दृश्यात हालचाल असेल तर सरासरीऐवजी मध्यक वापरावा, म्हणजे मधूनच गेलेला माणूस नाहीसा होतो. वाऱ्याने हलणाऱ्या फांद्यांवर मात्र दोन्ही पद्धती अपुऱ्या पडतात.

१५. फोटोत आडवे पट्टे येतात. हा नॉइज आहे का?

पट्टे दिव्यांखाली काढलेल्या फोटोंतच येत असतील, तर तो नॉइज नसून दिव्यांची लुकलुक आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवल्यास पट्टे सहसा जातात. ६० हर्ट्झच्या विजेसाठी १/६० किंवा १/१२० घ्यावे. काही एलईडी दिव्यांची लुकलुक याहून खूप जलद असते. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचत असल्याने तेथे पट्टे अधिक ठळक येतात. अशा ठिकाणी यांत्रिक शटर वापरावे.

पट्टे फक्त तीन-चार स्टॉप उजळलेल्या सावल्यांतच दिसत असतील, तर तो सेन्सरच्या वाचनातला साचेबद्ध नॉइज आहे. डोळा साचा चटकन पकडतो, म्हणून तो विखुरलेल्या कणांपेक्षा अधिक बोचतो. त्यावर उपाय मुळातच पुरेसे एक्स्पोजर देण्याचा.

१६. कोपऱ्यांत मध्यापेक्षा जास्त कण का?

पूर्ण उघडलेली लेन्स कोपऱ्यांना कमी प्रकाश देते. लेन्स प्रोफाइल (त्या लेन्सचे दोष आपोआप दुरुस्त करणारी सुविधा) हा काळोख भरून काढते, तेव्हा दोन स्टॉप गडद असलेला कोपरा चौपट उजळला जातो. दुरुस्ती अर्ध्यावर ठेवावी किंवा अ‍ॅपर्चर एक स्टॉप बारीक करून पाहावे.

१७. मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेतल्यास प्रश्न सुटेल का?

फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलीमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलीमीटरचा असतो, २३.५ बाय १५.६ मिलीमीटरचा एपीएस-सी सुमारे ३६७ चौरस मिलीमीटरचा, आणि मायक्रो फोर थर्ड्स सुमारे २२५ चौरस मिलीमीटरचा. अ‍ॅपर्चर आणि शटर सारखे असताना फुल फ्रेम एपीएस-सीच्या सुमारे २.४ पट आणि मायक्रो फोर थर्ड्सच्या जवळपास ४ पट प्रकाश गोळा करतो. हा फरक अनुक्रमे सव्वा आणि दोन स्टॉपचा झाला.

मात्र फोकसची खोलीही सारखीच हवी असेल, तर मोठ्या सेन्सरवर अ‍ॅपर्चर त्याच प्रमाणात बारीक करावे लागते आणि शटर तेच ठेवल्यास हा लाभ जवळजवळ संपतो. समूहचित्रे काढणाऱ्याने खरेदीपूर्वी याचा विचार करावा. प्रश्न ३ मधील हिशेब पाहता, अनेकांसाठी उजळ लेन्स हा अधिक फायद्याचा सौदा ठरतो. मेगापिक्सेलच्या संख्येची काळजी करू नये. सेन्सरचा आकार आणि पिढी तीच असेल, तर फोटो समान आकारात पाहिल्यावर तिने फारसा फरक पडत नाही.

१८. काही कॅमेऱ्यांत जास्त आयएसओवर कमी नॉइज येतो, हे कसे शक्य आहे?

अशा सेन्सरमध्ये विद्युतभार मोजण्याचे दोन मार्ग असतात आणि ठरावीक आयएसओपासून दुसरा, कमी गडबड करणारा मार्ग सुरू होतो. पॅनासॉनिकच्या जीएच५एसचे दोन मूळ आयएसओ ४०० आणि २५०० आहेत. अशा कॅमेऱ्यांत दुसऱ्या टप्प्याच्या किंचित खालचा आयएसओ त्या टप्प्यापेक्षा सावल्यांत खराब दिसू शकतो. प्रकाशाचे प्रमाण मात्र याने बदलत नाही, हे प्रश्न २ मध्ये आलेच आहे.

१९. एआयवर चालणारी नॉइज काढण्याची साधने विश्वासार्ह आहेत का?

बव्हंशी होय. अडोबी लाइटरूममध्ये २०२३ साली आलेली डिनॉइज सुविधा आणि डीएक्सओचे डीपप्राइम ही साधने रॉ नोंदीवर काम करतात आणि जुन्या स्लायडरांपेक्षा तपशील चांगला राखतात. मोफत पर्यायांत डार्कटेबल आणि रॉथेरपी आहेत. डार्कटेबल प्रत्येक कॅमेऱ्याच्या मोजलेल्या नॉइजनुसार गाळणी लावू शकते, ती एआयशिवायही चांगले काम करते. दूरच्या फलकावरील अक्षरे, पिसे आणि गर्दीतील लहान चेहरे येथे मात्र एआय साधने कधी कधी नसलेला तपशील रचतात. बातमी, पुरावा किंवा शास्त्रीय नोंद म्हणून वापरायच्या फोटोवर ती लावू नयेत. रंग आणि शार्पनिंगचे काम नॉइज काढल्यानंतर करावे.

२०. सर्व करून पाहिले, तरी दिवसाउजेडीही कण येतात. कॅमेरा बिघडला हे कसे ओळखावे?

आधी कॅमेऱ्याच्या सर्व सेटिंग मूळ स्थितीवर आणाव्यात, कारण चुकून बदललेले एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन किंवा चालू राहिलेला डिजिटल झूम हे दोषी निघण्याची शक्यता बिघाडापेक्षा जास्त असते. मग लेन्सवर झाकण लावून, व्ह्यूफाइंडर झाकून, आयएसओ १०० आणि शटर १/१२५ सेकंदावर एक रॉ फोटो काढावा. तो न उजळता पाहिल्यास जवळपास पूर्ण काळा दिसला पाहिजे. त्यात पट्टे, धुरकट डाग किंवा एका कडेला जांभळट उजेड दिसला, तर कॅमेरा अर्धा तास बंद ठेवून तीच चाचणी पुन्हा करावी. दुसऱ्यांदाही तेच दिसल्यास दोन्ही रॉ फाइली मेमरी कार्डवर तशाच ठेवून कॅमेरा सेवा केंद्रात न्यावा. संस्कारित जेपेग दाखवल्यास दोष सेन्सरचा की सॉफ्टवेअरचा, हे तंत्रज्ञाला ठरवता येत नाही.